साखर किती?

आमच्या दवाखान्यात चूक कबूल करायला गेलेल्या माणसाला पहिला प्रश्न एकच यायचा, "साखर किती?" काय झालं, कसं झालं, ही चौकशी नंतर. आधी मागच्या पडवीत शेगडी पेटायची, पातेल्यात दूध-पाणी पडायचं, आलं ठेचलं जायचं. तोवर चूक करणारा स्टुलावर बसून घाम पुसत असायचा. चहा त्याच्या हातात आला की चहा करणारे स्वतः समोर फरशीवर मांडी घालून बसत आणि म्हणत, "हां, आता सांग. पयल्यापासून सांग. लाजू नको."

एवढं ऐकून कुणाला वाटेल की हे दवाखान्यातले कुणी समजूत काढणारे तज्ज्ञ असतील. छे! ते आमचे कॉम्प्युटरवाले होते.

शहापूरहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका ट्रस्टचा तीस खाटांचा दवाखाना आहे. मी तिथे केसपेपरच्या खिडकीत बसते. आटगावहून निघायचं, दोन गाड्या बदलायच्या आणि नऊच्या आत खिडकी उघडायची, हा माझा बारा वर्षांचा दिनक्रम. दवाखान्यात अठरा कॉम्प्युटर, त्या सगळ्यांना जोडणारा एक सर्व्हर आणि भिंतीभिंतीतून गेलेल्या वायरी. केसपेपर, लॅब, औषधखिडकी, बाळंतपणाचा वॉर्ड, सगळं एकमेकांशी जोडलेलं. हा सगळा पसारा ज्यांच्या हवाली होता, त्यांना आम्ही उपटे सर म्हणायचो. त्यांचं आडनाव उपटे नव्हतं. पण हा माणूस महिन्यातून एकदा, भर गर्दीत, चालू कॉम्प्युटरच्या वायरी मुद्दाम उपटून ठेवायचा. मग दुसरं काय म्हणणार?

दर पौर्णिमेला सकाळी अकरा ते एक. हा त्यांचा नेम. त्या दिवशी ते स्वतः उपास करायचे, पांढराशुभ्र शर्ट घालून सकाळी गावच्या बुद्धविहारात जाऊन यायचे आणि मग येऊन दवाखान्यालाही उपास घडवायचे. पौर्णिमा रविवारी आली तर सोमवारी ओपीडीच्या ऐन गर्दीत शिळी पौर्णिमा साजरी व्हायची. सुटका नव्हती.

मला त्यांचा भयंकर राग यायचा, खोटं कशाला सांगू? माझी पहिली पौर्णिमा मला अजून आठवते. खिडकीबाहेर चाळीसेक माणसं, त्यात दोन म्हाताऱ्या एकमेकींच्या नंबरावरून भांडतायत, आणि माझ्या स्क्रीनवरून पेशंटची यादीच नाहीशी. मी तणतणत त्यांच्या खोलीत गेले.

"सर, नेटवर्क गेलंय!"

"गेलं नाय. मी घालवलं."

"अहो, बाहेर लोक उभेत!"

"मग तेंना केसपेपर द्या. कागद हाय, पेन हाय, तुमाला लिवता येतंय."

मी मोठ्या मॅडमकडे तक्रार केली. मोठ्या मॅडम म्हणजे आमच्या मुख्य डॉक्टर. त्या शांतपणे म्हणाल्या, "माझ्या परवानगीनेच चालतं ते. कार्बनचं पॅड निळ्या पेटीत असतं बघ." म्हणजे दोघे मिळालेले होते.

निळी पेटी प्रत्येक विभागात होती. तिच्यात कार्बनचे पॅड, औषधांची यादी आणि दर शनिवारी ताजा छापलेला एक कागद असायचा. ज्यांना एखादं औषध चालत नाही, अंगावर उठतं, अशा पेशंटची नावं त्यावर असत. शनिवारी तो कागद बदलला नाही तर उपटे सर वॉर्डच्या दारात उभे राहत आणि बदलेपर्यंत हलत नसत. बोलायचे नाहीत, नुसते उभे राहायचे. सिस्टर लोकांना ते उभं राहणं शिव्यांपेक्षा जास्त लागायचं.

ही सगळी अक्कल ते कसारा घाटातून घेऊन आले होते. तरुणपणी रेल्वेच्या एका ठेकेदाराकडे ते सिग्नलच्या वायरी ओढायच्या कामावर होते. कॉम्प्युटर नंतर शिकले, स्वतःच्या हिमतीवर, पण मन घाटातच राहिलं. एकदा जेवताना मी विचारलं, "सर, तुमचे हे कॉम्प्युटर आता सेफ आहेत ना?" ते घास तसाच ठेवून माझ्याकडे बघायला लागले.

"सेफ बोलू नको. सेफ काय नसतं. घाटात गाडीचा ब्रेक फेल व्हनारच नाय असं कोन बोललं का कधी? नाय. फेल झाला तर ती गाडी जायाला वेगळा रूळ टाकून ठेवलाय, वर चढनारा. गाडी तिथं जाते, दमते नि थांबते. मानसं वाचतात. आन् सिग्नलची वायर तुटली तर सिग्नल लाल व्हतो, हिरवा नाय. ज्यानं ते केलं ना, तेला ठाव व्हतं, वायर एक दिवस तुटनार."

"मग आपण काय विचारायचं?"

"इचारायचं, पडलो तर उठू का? बस, एवढंच."

मुरबाडजवळच्या म्हसा गावची जत्रा हा त्यांचा वर्षाचा मोठा सण. त्यांचं घरही त्याच बाजूला. बाकीचे लोक जत्रेतून घोंगड्या आणायचे, मिठाई आणायचे. हे बांगड्या आणायचे. प्लॅस्टिकच्या, रंगीत, डझनांनी. वायरी ओळखू याव्यात म्हणून प्रत्येक वायरीला त्या त्या विभागाच्या रंगाची बांगडी अडकवलेली असायची. केसपेपरला हिरवी, लॅबला लाल, औषधखिडकीला पिवळी. बांगडीवाल्या बाईने एकदा विचारलं म्हणे, "भाऊ, घरात बाया किती?" हे म्हणाले, "अठरा. आन् एक मोठी, ती खोलीतनं बाहेर येत नाय." बाईने पुढे काही विचारलं नाही.

त्याच जत्रेच्या गुरांच्या बाजारातून त्यांनी बैलाच्या गळ्यातली एक घंटा आणली आणि ती दवाखान्याच्या बोळात टांगली. पौर्णिमेला अकराच्या ठोक्याला ती वाजवायची आणि मोठ्याने ओरडायचं, "पौर्णिमा!" पेशंट दचकायचे, आम्ही कपाळाला हात लावायचो आणि निळ्या पेट्या उघडायचो.

त्यांच्याजवळ दोन स्टीलचे डबे असत. एकात तांदळाची भाकरी आणि कालवण, दुसऱ्यात सगळ्या दवाखान्याची नक्कल उतरवलेली डिस्क. रोज दुपारी एक वाजता ते डिस्क सर्व्हरपासून सोडवून डब्यात घालायचे. अशा दोन डिस्का होत्या. एक कपाटात कुलपात आणि दुसरी त्यांच्या घरी, भाताच्या कणगीत. दर संध्याकाळी त्यांची अदलाबदल व्हायची. कणगीत का, तर तिथे ओल लागत नाही आणि घरचं कुणी हात घालायच्या आधी विचारतं. एका शनिवारी डब्यांची गडबड झाली. सोमवारी कपाट उघडलं तर सुकटीच्या चटणीचा असा वास सुटला की लॅबमधली मुलगी नाकाला पदर लावून पळाली. सरांनी स्वतःच पडवीत जाऊन स्वतःसाठी चहा ठेवला. नियम म्हणजे नियम.

चहाचा नियम सोपा होता. ज्याने चूक केली आणि आपणहून येऊन सांगितली, त्याला चहा. त्याचं नाव कुणालाही कळणार नाही, सरांच्या तोंडून तर नाहीच. दुसऱ्याने पकडून आणलं तर चहा नाही. बोलणीही नाहीत, पण चहा नाही म्हणजे नाही. हसू नका, त्या बिनसाखरेच्या नजरेची लोकांना धास्ती असायची. ते स्वतः परीक्षाही घ्यायचे. कुठल्यातरी भलत्याच नंबरावरून दवाखान्यात फोन करायचे आणि हिंदीत म्हणायचे, "हम मेन ऑफिस से बोल रहे हैं, जल्दी पासवर्ड बताओ." त्यांचं हिंदी इतकं मुरबाडी होतं की ओळखू यायला हवं होतं. तरी निम्मा दवाखाना फसला. खुद्द मोठ्या मॅडमनी पासवर्ड देऊन टाकला आणि फोन ठेवल्यावर ताडताड चालत त्यांच्या खोलीत गेल्या. आतून आम्हाला एवढंच ऐकू आलं, "बिनसाखरेचा द्या."

एका गोष्टीचा मात्र त्यांना ध्यास लागला होता. पडवीतला कॉम्प्युटर. बाहेर सोनोग्राफी करून येणाऱ्या बाया रिपोर्ट पेनड्राइव्हवर घेऊन यायच्या आणि तो पेनड्राइव्ह माझ्या कॉम्प्युटरला लावावा लागायचा. सरांचं म्हणणं, त्यासाठी एक वेगळा जुना कॉम्प्युटर द्या, ज्याला कुठलीच वायर नाही. "घरात येताना चपला पडवीत काढता ना? तसं." त्यासाठी ट्रस्टच्या सेक्रेटरीसाहेबांकडे त्यांनी तीन वेळा लेखी अर्ज दिला. सेक्रेटरीसाहेब मोठे शिस्तीचे, फायलींना फिती बांधून ठेवणारे. तिन्ही अर्ज फितीत बांधले गेले. त्याऐवजी साहेबांनी एक परिपत्रक काढलं आणि माझ्या डोक्यावरच्या भिंतीला चिकटवलं. रिपोर्टखेरीज दुसऱ्या कामाला पेनड्राइव्ह लावताना आढळल्यास त्याच दिवशी कामावरून कमी करण्यात येईल.

आणि त्याच परिपत्रकाखाली बसून मी तो पेनड्राइव्ह लावला.

माझ्या भावाची हळद होती शुक्रवारी. आमच्याकडे लग्न एकवेळ साधं चालेल, हळद दणक्यातच झाली पाहिजे. बेंजोवाल्याने गाणी निवडायला पेनड्राइव्ह दिला होता. मंगळवारी दुपारी दीड वाजता ओपीडी रिकामी झाली, तशा वॉर्डातल्या मावशी, बाळंतपणाच्या सिस्टर आणि लॅबमधली मुलगी माझ्या खिडकीत जमल्या. पहिलं गाणं लागलं. मावशींनी पदर खोचला. दुसऱ्याला सिस्टर खुर्चीमागे दोन पावलं नाचूनही आल्या. "आता तं तिसरं लाव गो, नवरीचं," सिस्टर म्हणाल्या. तिसरं लागेना. फायलीवरचं चित्र गाण्याचंच होतं, पण उघडेना. मी दोनदा दाबलं, तीनदा दाबलं. स्क्रीन एकदा काळी झाली आणि परत आली. "राहू दे, भंगार हाय," असं म्हणून सगळ्या पांगल्या.

दोन वाजता मी पेशंटची यादी उघडायला गेले. उघडली नाही. फायलींच्या नावांना भलतीच इंग्रजी अक्षरं चिकटली होती. मी बघत होते आणि माझ्या डोळ्यांसमोर एकेका फायलीचं नाव बदलत होतं. मग मोठा लाल चौकोन आला. इंग्रजीत होतं, पण अर्थ कळायला इंग्रजी लागत नव्हतं. तुमचं सगळं आम्ही कुलपात घातलंय, किल्ली हवी असेल तर खंडणी द्या.

आता मी काय केलं ते सांगते. मी स्क्रीनचं बटण बंद केलं. कॉम्प्युटर चालूच, नुसता पडदा काळा! पेनड्राइव्ह काढून जेवणाच्या डब्यात टाकला, वर झाकण लावलं आणि खिडकीबाहेर बघत बसले. सात मिनिटं. घड्याळ समोरच होतं म्हणून आकडा पाठ आहे. त्या सात मिनिटांत मला फक्त माझी नोकरी दिसत होती. अकरा-अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर सहा वर्षं काढली होती आणि पुढच्याच महिन्यात मला कायम करायचं होतं. वडील पाठीच्या दुखण्याने घरी, भावाला आसनगावच्या कंपनीने नुकतंच कमी केलेलं. माझा पगार गेला तर शुक्रवारच्या हळदीनंतर सोमवारी घरात काय शिजणार, हे मला माहीत नव्हतं. लाइट जाऊन आली असं सांगू? मला काही ठाऊकच नाही म्हणू? मी अगदी वाक्यं जुळवत होते.

तेवढ्यात भिंतीपलीकडून औषधखिडकीतल्या भाऊंचा आवाज आला, "अरे, माझी यादी कुठं गेली? आत्ता तं व्हती!"

माझ्या कॉम्प्युटरची कीड भिंतीपलीकडे गेली होती. उद्या ती वॉर्डात जाईल, बाळंतिणींच्या कागदांत जाईल. मी उठले आणि पळत सुटले.

सर भाकरी खात होते. मी दारात उभी राहिले. "सर, मी... हळदीची गाणी..."

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. "चालू हाय अजून?"

"हो."

ते खरकट्या हातानेच उठले. कोपऱ्यातल्या पेटीपाशी गेले, जिथे सगळ्या वायरी एकत्र यायच्या, आणि दोन्ही हातांनी उपटायला लागले. हिरव्या, लाल, पिवळ्या बांगड्या एकमेकींवर खळाखळा वाजल्या. मग बोळात जाऊन त्यांनी घंटेची दोरी ओढली आणि ओरडले, "पौर्णिमा! पौर्णिमा!"

पौर्णिमा नव्हती. अमावस्या दोन दिवसांवर आली होती. पण त्या बोळात एकही माणूस "काय झालं?" असं विचारायला बाहेर आला नाही. मला फक्त निळ्या पेट्या उघडल्याचे खटखट आवाज ऐकू आले. कार्बन लागले, पेनं निघाली, मावशी लॅबच्या चिठ्ठ्या घेऊन धावायला लागल्या. ज्या सवयीला मी सहा वर्षं शिव्या घातल्या, ती सवय अर्ध्या मिनिटात कामाला लागली.

सरांनी परत येऊन हात धुतले, शेगडी पेटवली आणि विचारलं, "साखर किती?"

मी भोकाड पसरलं. दोन चमचे घातली त्यांनी, अंदाजाने.

पुढचे तीन दिवस दवाखाना कागदावर चालला. तीन बाळंतपणं झाली. एका वाडीवरचे आजोबा पायाला गळू घेऊन आले आणि इंजेक्शन भरता भरता सिस्टरांनी पेटीतला शनिवारचा कागद बघितला. आजोबांचं नाव त्यात होतं. इंजेक्शन बदललं. आजोबांना यातलं काहीच कळलं नाही, ते चहा कुठे मिळेल विचारत होते. सर मोटरसायकलवरून घरी जाऊन कणगीतला डबा घेऊन आले. कपाटातली त्या दुपारची डिस्क वापरायला ते तयार नव्हते. म्हणाले, "जरा पन शंका नको, कालचं घेऊ. आजचं कागदावरनं परत लिवू." पाच कॉम्प्युटर बिघडले होते, ते पुसून कोरे करून परत उभे केले. शुक्रवारी दुपारी माझ्या स्क्रीनवर पेशंटची यादी आली आणि मी तशीच हळदीला गेले. तिसरं गाणं कुणाला लावू दिलं नाही मी.

शनिवारी सेक्रेटरीसाहेब आले. आम्हा सगळ्यांना व्हरांड्यात उभं केलं. "कुणी केलं हे? नाव हवंय मला." मी सरांकडे बघितलं. ते छताकडे बघत होते. साहेबांनी त्यांनाच विचारलं, "तुम्हाला माहीत असणारच."

"लेखी देतो," सर म्हणाले.

त्यांनी एका पानाचा अहवाल दिला. त्यातल्या दोन ओळी मला नंतर मॅडमकडून कळल्या. व्हायरस आत कसा आला? दार उघडं होतं. दार बंद ठेवण्याची जबाबदारी कुणाची? माझी. पडवीतल्या कॉम्प्युटरच्या तीन अर्जांचा त्यात उल्लेखही नव्हता.

त्याच महिन्याच्या सभेत सरांनाही कायम करण्याचा प्रस्ताव होता. तो बाजूला पडला आणि त्यांच्या फायलीत 'निष्काळजीपणा' असा शेरा पडला. माझी कायमची ऑर्डर त्याच सभेत निघाली. ती हातात घेऊन मी त्यांच्या खोलीत गेले.

"सर, मी साहेबांना सांगते. आत्ता जाते."

"अजाबात जायाचं नाय."

"पण शेरा तुमच्यावर आला!"

"ऐक बाय. तू मला सात मिनटांनी सांगितलंस. म्हनून पाचावर भागलं, अठराच्या अठरा गेले नाय. आज तुझं नाव बाहेर पडलं ना, तर पुढची जी चुकंल ती सात दिस सांगायची नाय. मग उपटायला काय उरंल? मला दवाखाना राखायचाय. शेरा काय, कागदावर हाय."

मी गप्प बसले. त्यांचं म्हणणं पटलं होतं, हे खरं. पण मला गप्प बसायचंच होतं, हेही तितकंच खरं. पुढची सहा वर्षं मी कायम होते आणि ते दर अकरा महिन्यांनी नवी ऑर्डर घेत होते. ऑर्डर घेऊन खोलीकडे जाताना ते माझ्या खिडकीवरून जायचे आणि मी उगाचच कुठलातरी केसपेपर शोधायला लागायचे. चहाची शेगडी मात्र या सहा वर्षांत कधी विझली नाही. लॅबमधल्या मुलीने चुकीची लिंक दाबली, ड्रेसरमामांनी पासवर्ड भिंतीवर लिहिला, सगळे आपापल्या पायांनी पडवीत गेले. एकदाही गोष्ट हाताबाहेर गेली नाही.

मग त्यांचा कामाचा शेवटचा दिवस आला. तारीख त्यांनीच निवडली होती, अर्थातच पौर्णिमा. कार्यक्रम दुपारी, कारण अकरा ते एक वायरी उपटलेल्या होत्या. हार झाला, नारळ झाला, शाल झाली. सेक्रेटरीसाहेब बोलायला उभे राहिले. चांगलं बोलत होते, आणि मग म्हणाले, "त्यांच्या हातून एकदा एक मोठी चूक झाली, निष्काळजीपणा झाला. पण माणूस म्हटला की चुकायचाच. आपण मोठ्या मनाने ते विसरू या."

टाळ्या पडल्या. सर पांढऱ्या शर्टात खाली मान घालून बसले होते. शालीचं एक टोक बोटाला गुंडाळत होते. ते बोट मी बघितलं. माझी चूक विसरायचं मोठं मन साहेब त्यांना दाखवत होते.

मी उभी राहिले.

"साहेब, तो पेनड्राइव्ह माझा होता. भावाच्या हळदीची गाणी होती. तुमच्या परिपत्रकाखाली बसून मी लावला. सरांना ठाऊक होतं, त्यांनी सांगितलं नाही. तो शेरा माझा आहे, मला द्या."

साहेबांचा चष्मा हातातच राहिला. मला वाटलं, झालं, बारा वर्षं गेली.

मंचावरून सरांचा आवाज आला, "साखर किती?"

कुणीतरी फिसकन हसलं. मग बाळंतपणाच्या सिस्टर उठल्या. "तिसरं गाणं लाव असं मीच बोलली व्हती. लिवा माझं पन नाव." मावशी बसल्या जागेवरूनच म्हणाल्या, "मी नाचली." लॅबमधली मुलगी उठली, ड्रेसरमामा उठले. शेवटी मोठ्या मॅडम उठल्या, "मी तर फोनवर पासवर्डच सांगितला होता." आणि सगळा व्हरांडा हसत सुटला. निरोपासाठी सांगितलेला चहा कमी पडला, मामांना दुधासाठी परत नाक्यावर जावं लागलं. सर डोळे पुसत होते. हसून पुसत होते की रडून, ते मला कळलं नाही आणि मी विचारलंही नाही.

जाताना त्यांनी ते आल्याच्या वासाचं पातेलं माझ्या हातात दिलं. "वायरी कोनीपन बघंल. हे तू बघ," म्हणाले, आणि मोटरसायकलला किक मारून म्हशाच्या दिशेने गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, खिडकी उघडायच्या आधीच, सेक्रेटरीसाहेब आले. काखेत फितीने बांधलेली फाइल. आता माझा निकाल लागणार असं धरून मी उठून उभी राहिले. साहेबांनी आत येऊन दार लोटलं, फीत सोडली आणि टेबलावर तीन कागद मांडले. तिन्ही सरांच्या अक्षरात. पडवीतल्या कॉम्प्युटरचे अर्ज.

"त्यांनी तीनदा मागितला होता," साहेब म्हणाले. "अहवालात हे लिहिलं असतं तर शेरा माझ्यावर आला असता. त्यांनी लिहिलं नाही. मी... मी ते तसंच राहू दिलं. सहा वर्षं."

मी साहेबांना मागच्या पडवीत नेलं, शेगडी पेटवली आणि स्टूल त्यांच्यापुढे सरकवलं.

"बसा साहेब," मी म्हटलं. "साखर किती?"